त्याच्या आईची सुकेळी
वसईजवळच्या वटारहून कुणी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पाठवली की त्यांच्या मधाळ वासाने मी अजून अस्वस्थ होते. ऐंशीच्या दशकात आमचे मानसशास्त्राचे सर संशोधनासाठी तुरुंगात कैद्यांच्या मुलाखती घेत आणि खोटेपणा, निर्दयपणा, पश्चात्ताप असल्या गोष्टींना गुण देत. मी त्यांची मदतनीस. खुनाची शिक्षा भोगणारा एक हसरा कैदी, मी वसईची हे कळताच म्हणाला, “ताई, आम्ही पण तिकडचेच. आई सुकेळी करायची, तिची फार आठवण येते.” सरांचे डोळे भरून आले. मला शंका आली. विचारलं, “बांधायची कशात?” “कागदात.” मी खोटेपणाचे पूर्ण गुण टाकले. तो जराही ओशाळला नाही. “मग कशात बांधतात, ताई?” दिवसभर असलीच उत्तरं ऐकून कंटाळलेली मी सांगून मोकळी झाले, की माझी आई केळीच्या वाळक्या पानात गुंडाळते आणि पहिलं सुकेळं तुळशीपुढे ठेवते. पुढच्या खेपेला तो दुसऱ्या मुलाखतकाराला तेच सांगत होता, वाळकं पान, तुळस, सगळं, आणि रडत होता. आता माझी आई नाही. सुकेळ्यांवरचं पान सोडवताना ती तुळशीपुढे वाकलेली दिसते खरी, पण ते सांगणारा आवाज त्याचा असतो.