तिसऱ्या सालाचा माणूस

केशवभाऊ कुठलंही सरकारी पत्र शेवटच्या पानापासून वाचायचे. आधी शेवटचं पान, मग त्याच्या आधीचं, आणि पहिल्या पानावर आले की चष्मा काढून ठेवायचे. "पह्यल्या पानावर समदं गोड गोड लिवलं रायते," म्हणायचे, "अटी माघं लपून बसते. आधी त्याईले पकडाचं." मी त्यांचा स्वीय सहाय्यक होतो. ते आमदार होते तेव्हापासून राज्यमंत्रिपद जाईपर्यंत त्यांची पत्रं मीच फोडली आणि त्यांच्यापुढे उलटी करून ठेवली.

आता ते गेल्यावर वाशीमची मंडळी स्मरणिका काढताहेत. मला म्हणाले, दोन चांगले शब्द लिहून द्या. चांगले शब्द लिहायला अख्खा जिल्हा पडलाय. मला या माणसाचा राग आहे, आणि तो मेला म्हणून माझा राग ओसरला असं सोंग मला येत नाही.

पंचाईत अशी, की माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. शिरपूरला एकदा सत्कार होता. अंगावर शाल पडली तशी भाऊंनी आयोजकांना तिथल्या तिथे विचारलं, "याच्या माघं काय काम हाय?" बिचारे चाचरत म्हणाले, शेताकडचा रस्ता आहे. "मंग शाल वापस घ्या अन् अर्ज द्या." रस्ता झाला सहा महिन्यांत. लग्नाला गेले तरी तेच. मुलीच्या बापाचं मंत्रालयात काही अडलेलं असलं, तर हे पाण्याच्या घोटावर उठणार, आणि यांच्यामागून मीही उठणार. भाऊंच्या पायी मी कितीतरी लग्नं उपाशी काढली. लोक म्हणायचे, देवमाणूस. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

टाळेबंदी उठली आणि कामधंदे पुन्हा सुरू व्हावेत म्हणून दिल्लीने राज्यांना पैसा देऊ केला. त्यात एक बाब तालुक्याच्या गावी डायलिसिस केंद्रं काढायची होती. इमारत दिल्लीची, मशीन दिल्लीची, पहिली दोन वर्षं माणसांचे पगारही दिल्लीचे. तिसऱ्या वर्षापासून पगार राज्याने द्यायचे, ते कायमचे. होकार महिनाअखेर कळवायचा होता. घ्यावं की नाही हे ठरवायला चार मंत्र्यांची समिती नेमली. दोघे घ्या म्हणत होते, एक नको म्हणत होता. चौथे आमचे भाऊ.

माझा थोरला भाऊ सुदामदादा आसेगावला मेथी-वांगी लावायचा. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने अकोला, चार तास मशीनवर, आणि अंधार पडता पडता घरी. उतरला की स्टँडवरच बसून राहायचा, वहिनी येऊन हाताला धरून न्यायची. केंद्रांच्या यादीत आमचा तालुका होता. ती यादी मी किती वेळा वाचली असेल, विचारू नका.

समितीच्या बैठकीसाठी मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी वाशीमच्या विश्रामगृहावर भाऊ ती फाईल घेऊन बसले होते. इतक्या वर्षांत मी घरचं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी तोंड उघडलं.

"भाऊ, यादीत आपला तालुका हाय. दादाले अकोल्याचं जानं आता झेपत नाई."

"माईत हाय मले. म्हनूनच तू आज बोलू नोको. घरचा मानूस आजारी असला का डोकं ठिकानावर रायत नाई."

"पैसा दिल्ली देऊन राह्यली. आपल्याले काहून जड जाते?"

त्यांनी शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. "दोन साल दिल्ली देईन. तिसऱ्या साली कोन देईन? इथं आताच्याच पगाराले तिजोरीत पैसा नाई. तिसऱ्या साली तुह्या दादाले काय सांगू, बापा, मशीन हाय पन चालवनारा घरी गेला? सुरू करून बंद करनं म्हन्जे मानूस मारनं हाय."

"अन् सुरूच नाई केलं तर?"

भाऊंनी फाईल मिटली. ड्रायव्हरला गाडी लावायला सांगितली. मी फाईल बांधून त्यांच्या हातात दिली. त्या क्षणी तो माणूस मला अगदी नकोसा झाला.

समितीत भाऊ नको म्हणाले. दोन विरुद्ध दोन झाले, विषय लोंबकळला आणि मुदत निघून गेली. राज्याने ते पैसे घेतले नाहीत. वाशीमला मात्र भाऊंच्या फोटोचे फलक लागले, 'दिल्लीपुढे न झुकणारा नेता'. दादा एसटीत बसून ते फलक बघत अकोल्याला जायचा. मला एकदा म्हणाला, "भाऊचा फोटो बाकी मस्त काढला हाय." त्याच्या मनात कुणाविषयी काही नसायचं. माझ्या मनात होतं, तरी मी भाऊंची पत्रं फोडत राहिलो.

मग दादा मधूनच एखादी पाळी चुकवायला लागला. "एक डाव नाई गेलो तं काय होते?" म्हणायचा. फलक लागले त्याला सव्वा वर्ष झालं आणि दादा गेला. भाऊ आसेगावला आले, ओसरीत खाली बसले, वहिनीने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला. कुणाच्या घरचा चहा त्यांनी मुकाट घेतल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं. तरीही मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे त्यांचं मंत्रिपद गेलं. मी माझ्या मूळ कार्यालयात वाशीमला परत आलो. एके दिवशी त्यांचा निरोप आला, लगेच ये. गेलो. भाऊ पार वाळले होते, पण डोळ्यांत चमक होती. समोर वर्तमानपत्र. शेजारच्या राज्याने तो पैसा घेतला होता. दोन वर्षं तिथली केंद्रं नीट चालली आणि तिसऱ्या वर्षी पगाराअभावी एकेक बंद पडत गेली. बातमीवर बोट ठेवून भाऊ म्हणाले, "पाह्य. मी काय म्हनलो होतो? तिसऱ्या साली बंद."

मी बातमी पूर्ण वाचली. त्यांचा शब्द न् शब्द खरा झाला होता.

"बरोबर हाय भाऊ," मी म्हणालो. "तिसरं साल तुमाले बराबर दिसलं. पन आमाले ते पह्यले दोनच पाह्यजे होते."

त्यांनी बातमीवरचं बोट उचललं. मी चपला घातल्या आणि निघालो. पुन्हा त्यांच्या घरी गेलो नाही. मयतीलाही नाही.