सरदाराने दिलेला हात

आमचा बुर्कार्ट त्सेंडर बावीस वर्षं दर जुलैत मरत आला. तेही फुकट.

जर्मनीत, फ्रँकोनियातल्या आमच्या गावात पडक्या किल्ल्यापुढे शेतकऱ्यांच्या बंडाचं नाटक होतं. १५२५ साली सरदार फ्लोरियान गायर आपल्याच भाईबंदांविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने लढला आणि जंगलात मारला गेला. तेव्हापासून बिचाऱ्याला विश्रांती नाही. नाझींनी त्याचं नाव आपल्या घोडदळाला दिलं, सीमेपलीकडच्या, पूर्व जर्मनीतल्या लाल मंडळींनी आपल्या पलटणीला. आम्ही त्याच्या नावावर सॉसेज विकतो.

सरदाराची भूमिका अर्थातच गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराकडे, लोथार रूडेलकडे. चिलखत त्याच्या पोटाच्या मापाचं, घोडाही त्याचाच. बुर्कार्ट त्याचं टेकडीखालचं रान खंडाने करायचा, गुरांसाठी बीट पिकवायचा. नाटकात तो बंडखोरांचा पुढारी. दुसऱ्या अंकात सरदार त्याच्या हातात हात देऊन शपथ घेणार, तिसऱ्यात बुर्कार्ट भाला लागून पडणार. तेही डाव्या कुशीवर, कारण उजवा खुबा दुखतो. मी प्रॉम्प्टर. दोघांचीही वाक्यं मला पाठ आहेत, त्यांना नाहीत.

त्र्याऐंशी साली, प्रयोगाच्या आठवडाभर आधी, रूडेलने त्याला तालमीतच सांगितलं, "यंदाचं बीट काढलंस की रान सोड. नाटकाला येणाऱ्यांच्या गाड्यांना जागा पुरत नाही."

"आजोबांपासून करतोय आम्ही ते."

"मग आजोबांनाच विचार, गाड्या कुठे लावू."

म्हणजे शेतकऱ्यांचे हक्क बघायला येणाऱ्यांसाठी शेतकऱ्याचं रान सपाट करायचं. नाटक समितीने टाळ्या वाजवून ठराव केला. ते रान गेलं की चारा गेला, चारा गेला की गाई विकायच्या, आणि गाईंशिवाय बुर्कार्ट म्हणजे नुसती टोपी. तरी तो गप्प बसला. मला त्याचा राग आला, खरं सांगते.

शनिवारी मैदान खच्चून भरलं. दुसऱ्या अंकात रूडेल घोड्यावरून उतरला, म्हणजे दोघांनी त्याला उतरवला, आणि हात पुढे करून गरजला, "तुमचं रान तुमचंच राहील."

इथे बुर्कार्टने जयजयकार करायचा. त्याने हात धरला आणि विचारलं, "कुठलं रान, सरदार?"

मी खालून खरं वाक्य दोनदा पुरवलं. त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"सगळंच," रूडेल म्हणाला.

"टेकडीखालचंसुद्धा?"

आठशे माणसं बघत होती. रूडेल हात ओढत होता, पण ती धार काढणाऱ्याची पकड.

"हो."

"मी जिवंत असेपर्यंत?"

"हो म्हटलं ना. सोड आता."

तिसऱ्या अंकात भाला लागला तरी बुर्कार्ट पडेना. भालेवाल्याला म्हणाला, "आता मरायची घाई नाही बाबा."

आमच्याकडे गुरांचा सौदा चारचौघांत हातात हात देऊन होतो. तो मोडणाऱ्याशी पुढे कुणी व्यवहार करत नाही. रविवारी चर्चबाहेर रूडेल म्हणाला, "अरे, ते नाटक होतं."

"हात कुणाचा होता?" गुरांचा म्हातारा व्यापारी वाइगांट म्हणाला.

रूडेल घरी गेला.

बुर्कार्ट अजून ते रान करतो. समितीने मात्र कलेच्या दृष्टीने नाटकात एक सुधारणा केली आहे. हल्ली आमचा सरदार शेतकऱ्यांपुढे शपथ घेतो ती घोड्यावर बसूनच, लांबून, हात वर करून.