मावशीची मुकी

मावशीच्या मुकीला भाच्याने हात लावला आणि एका सज्जन माणसाचं निम्मं आयुष्य नाहीसं झालं.

हात लावू नकोस असं बजावलेलं होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. भाच्याची बदली झाली, बिऱ्हाड मिळेपर्यंत तो मावशीच्या बाहेरच्या खोलीत उतरला, आणि बॅग खाली ठेवायच्या आत मावशीने घरचा कायदा वाचून दाखवला. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही. दार आपटायचं नाही. मुकीच्या वाटेला जायचं नाही. भाचा काही कुक्कुलं बाळ नव्हे. विमा कंपनीत साहेब म्हणवणारा, दोन मुलांचा बाप. पण खुंटी, बटण, कळ असं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. लहानपणी त्याने घरातलं घड्याळ उघडून पुन्हा बसवलं, तेव्हा वाटीभर भाग उरले होते. "उरले, म्हणजे जास्तीचेच होते," हे त्याचं म्हणणं आजतागायत बदललेलं नाही.

मुकी म्हणजे कुणी बाई नव्हे. टाइपरायटरच्या पाठीमागे उभा राहणारा तो एक लोखंडी स्टँड होता. तिरपी पाठ, वर दोन रबरी रूळ, मधे आडवी पितळी पट्टी आणि बाजूला एक लांब दांडा. हाताने लिहिलेला कागद रुळांत अडकवायचा आणि पट्टीच्या कडेला जी ओळ दिसेल ती टाइप करायची. ओळ संपली की करंगळीने दांडा दाबायचा. कागद वर सरकतो, पुढची ओळ पट्टीवर येऊन हजर. डोळ्याने ओळ शोधत बसायला नको. आता कुणी मुंग्यांची रांग लावल्यासारखं दाट लिहितो, कुणी कागदाचे पैसे दुसऱ्याने भरल्यासारखं विरळ. म्हणून ओळींमधलं अंतर ठरवायला बाजूला एक खुंटी होती. पहिल्या खाचेवर कागद एक ओळ सरके, दुसऱ्या खाचेवर दोन. एक ओळ सरकली की आतलं दातेरी चाक 'टक' करी. दोन सरकल्या की 'टक-टक'. एवढंच काय ते तिचं बोलणं.

तिला मुकी का म्हणत, त्याची गोष्ट ऑफिसातली. मावशी टायपिंगच्या मोठ्या हॉलमध्ये नोकरीला लागली तेव्हा दोघींची जोडी असे. एकीने मसुदा वाचायचा, दुसरीने टाइप करायचा. मावशीच्या वाट्याला जी वाचणारी आली तिला सगळं ऑफिस रेडिओ म्हणे, कारण ती बंद होत नसे. मसुदा वाचता वाचता त्याच सुरात ती बातम्याही देई. "सदर प्रकरणी कळवण्यात येते की, मोठे साहेब आज दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून आलेत, तरी त्वरित कार्यवाही व्हावी." मावशीचे हात कानांच्या हुकमात. एकदा मोजे पत्रात गेले. पत्र मोठ्या साहेबांपुढे सहीला गेलं, साहेबांनी न वाचता सही ठोकली, आणि वरच्या कचेरीतून उत्तर आलं की मोज्यांच्या बाबतीत नियमाप्रमाणे कार्यवाही करावी.

पुढे ऑफिसने एका जागी एकच बाई बसवायची ठरवलं. वाचणाऱ्यांची पांगापांग झाली. रेडिओची बदली पार दुसऱ्या टोकाच्या गावाला झाली. तिच्या खुर्चीच्या जागी हा स्टँड आला. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली, "बोलकी नेली आणि मुकी दिली." ते नाव चिकटलं. सुरुवातीला रेडिओची पत्रं यायची, मग वर्षाला एक, मग तिच्या मुलीचं एक आलं आणि नंतर काही यायचं कारणच उरलं नाही. मावशीने लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची छाती एकदा भाच्याच्या आईने केली होती. "राहून गेलं," असं उत्तर मिळालं. बँकेत जायचं राहून जावं तसं. निवृत्त होताना ऑफिसने भंगारात काढलेला टाइपरायटर आणि मुकी, दोन्ही ती घरी घेऊन आली.

घरी बोर्ड लावला, आणि काही वर्षं कामही आलं. मग प्रत्येक कोपऱ्यावर कॉम्प्युटरवाले बसले. गिऱ्हाईक आटत आटत एकावर आलं. ते गिऱ्हाईक म्हणजे मोजणीसाहेब.

मोजणीसाहेब जमीन मोजायच्या खात्यातून निवृत्त झालेले. उंच, वाळके, आणि आवाज असा की 'चहा गार झाला' म्हणाले तरी पलीकडच्या टेकडीवर साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावं. ते आत्मचरित्र लिहीत होते. दर गुरुवारी सकाळी आखीव कागदांची चळत घेऊन यायचे, दारातच उभे राहायचे, "बाई, आणलंय!" म्हणायचे, आणि संध्याकाळी टाइप झालेला गठ्ठा घेऊन जायचे. गुरुवारी मावशीच्या घराचं दार सकाळपासून सताड उघडं असे आणि ती दाराकडे तोंड करून बसे. भाच्याला वाटलं, वाऱ्यासाठी. गुरुवारी ती ठेवणीतली साडी नेसते, हेही त्याने पाहिलं. त्याला वाटलं, बाकीच्या धुवायला टाकल्या असतील. विमा कंपनीत माणसाची नजर अशीच तयार होते.

तर त्या गुरुवारी मावशी आंघोळीला गेली आणि भाचा मुकीसमोर एकटा सापडला. खुंटी पितळी, वापराने गुळगुळीत. तो म्हणाला, नुसती बघू, कशी फिरते. लोण्यासारखी फिरली. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली, भाच्याने झटकन वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, आणि खुंटी राहिली दुसऱ्या खाचेवर.

भाचा ऑफिसला गेला, साहेब येऊन कागद ठेवून गेले, मावशी कामाला बसली. संध्याकाळी भाचा परतला तेव्हा साहेब गठ्ठा घेऊन जिना उतरत होते, आणि मावशीच्या तोंडावर त्याने कधी न पाहिलेली खुशी होती.

"आज निम्म्या वेळात हातावेगळं केलं. बोटं अजून चालतात हो माझी! तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्यांना म्हणावं, या इकडे."

भाच्याला सकाळचा उद्योग आठवला. मावशी आत गेल्यावर त्याने खुंटी पाहिली. मग कार्बनची प्रत पाहिली. मावशी प्रत्येक पानाची एक प्रत स्वतःकडे ठेवायची, जुनी सवय. पहिल्याच पानावर मजकूर असा होता: 'मी कामावर रुजू झालो त्या दिवशी साहेबांनी माझा पाय मोडला. त्याला झाडाखाली बांधून आम्ही चहा घेतला व पुढच्या कामाची आखणी केली.'

भाचा आधी हसला, मग बाकीची पानं उलटत गेला. सबंध गठ्ठा असाच होता, एक ओळ आहे, एक नाही. मधल्या ओळीत कुणीतरी जनावर होतं, त्याचा पाय मोडला होता, एवढं मागच्यापुढच्यावरून लागत होतं. टाइप करताना मावशी अर्थ वाचत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सगळे जुने टायपिस्ट तसेच. मजकूर डोळ्यांतून शिरतो तो सरळ बोटांतून बाहेर, मधे डोक्याचं स्टेशन घेत नाही. पण आवाज? दिवसभर चाक 'टक'च्या जागी 'टक-टक' करत होतं. खोलीत दुसरं चिटपाखरू नव्हतं. तो आवाज तिला...

तेव्हा कुठे त्याला ते सताड उघडं दार आठवलं.

त्याला वाटलं, हे साहेबांच्या ध्यानात आलं तर संपलंच. एकुलतं एक गिऱ्हाईक. उद्या त्यांनी कागद कोपऱ्यावरच्या पोराकडे नेले, तर हिने गुरुवारी करायचं काय? तो तस्साच निघाला आणि विचारत विचारत साहेबांच्या खोलीवर पोचला.

खोली वरच्या मजल्यावर, एका माणसापुरती. एक पलंग, एक खुर्ची, नकाशांच्या नळकांड्या आणि भिंतभर फळी. फळीवर गठ्ठे रचलेले. प्रत्येक गठ्ठ्याला मावशीच्या हातची सुतळीची गाठ होती. दोन फेरे आणि वर फूल. भाचा बघतच राहिला. एकही गाठ सुटलेली नव्हती.

"बसा!" साहेब गरजले. "काय काम काढलंत?"

"आजच्या गठ्ठ्यात जरा दुरुस्ती आहे. परत न्यायला आलो."

"न्या की! तो काय, वरचा."

"साहेब, तुम्ही हे वाचत नाही?"

"मी जगलोय ते! पुन्हा वाचू कशाला?" मग त्यांनी आवाज उतरवला, म्हणजे तो इतर माणसांएवढा झाला. "तुमच्या मावशी काही म्हणतात का हो? म्हणजे, लिहिलंय ते कसं वाटतं वगैरे?"

भाच्याने ठोकून दिलं. "आवडतं त्यांना."

"कुठलं? काय आवडतं?"

"ते... पाय मोडतो तो भाग. झाडाखाली बांधलं ते."

"खेचर!" साहेबांचा चेहरा उजळला. "आमचं सामानाचं खेचर! काय म्हणाल्या?"

"वाईट वाटलं म्हणाल्या."

साहेबांनी वरचा गठ्ठा काढून भाच्याच्या हातात दिला. "मलाही वाटलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा कुणाला बोललो नाही. हसले असते."

घरी येऊन भाच्याने खुंटीचं सगळं कबूल केलं. साहेबांच्या फळीचं मात्र पोटात ठेवलं. मावशीने त्याला गाढव म्हटलं, त्याच्या बापालाही त्यात ओढलं, आणि कार्बनची पानं एकेक करून पाहिली. पाहता पाहता तिचा आवाज उतरत गेला.

"मावशी," भाचा चाचरत म्हणाला, "दुसऱ्या खाचेवर तिचा आवाज वेगळा येतो ना गं?"

"मला ऐकू येतं सगळं! आत्ता तू दार आपटून आलास, तेही ऐकलं मी."

भाचा दार हळूच लोटून आला होता. साहेबांचे मूळ कागद मावशीकडेच होते. ते ती पुढच्या गुरुवारी परत देत असे. तिने खुंटी पहिल्या खाचेवर आणली, पहिला कागद रुळांत घातला आणि सगळं पुन्हा टाइप करायला घेतलं. एक फरक होता. दांडा दाबताना तिने डावा अंगठा त्या दातेरी चाकावर टेकवला होता. कानाला न लागणारा 'टक' ती अंगठ्याने मोजत होती. दर ओळीला हात उचलून तिकडे न्यायचा आणि परत आणायचा. बोटांचा सगळा दिमाख उतरला होता. काम गोगलगाईच्या चालीने सरकत होतं.

पुढच्या गुरुवारी भाच्याने रजा टाकली. अपराधी माणसाला घटनास्थळी राहावंसं वाटतं.

साहेब दारात आले. "बाई, आणलंय!" मावशीने एकदाही 'काय?' न म्हणता कागद घेतले, आणि भाच्याला उमगलं की या घरी येणाऱ्यांत हा एकच माणूस असा आहे, ज्याचं बोलणं तिला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. साहेब नेहमीसारखे वळले नाहीत. दारातच घुटमळले.

"बाई, खेचराचं तुम्हाला वाईट वाटलं, असं कळलं."

मावशीने सावकाश मान वळवून भाच्याकडे पाहिलं. खेचर तिच्या बोटांखालून दोनदा गेलं होतं. एकदा अर्धं, एकदा अख्खं. डोक्यात एकदाही उतरलं नव्हतं. भाचा छताकडे बघू लागला. कोपऱ्यावरचा पोरगा, रिकामा गुरुवार, बंद दार, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. कानांची बाब सोडली तर मावशी जन्मात खोटं बोललेली नव्हती.

"मुकं जनावर," मावशी म्हणाली. "वाटणारच की."

साहेब आत आले आणि आजवर कधी न वापरलेल्या खुर्चीवर टेकले. मग त्यांनी खेचराची सबंध हकिगत सांगितली, टेकडीपलीकडे ऐकू जाईल अशी. मावशी कीबोर्डवरून हात काढून ऐकत होती. मधेच एकदा तिने "मग?" असं विचारलं. रेडिओ गेल्यापासून हे 'मग' ती कुणाला म्हणाली नसावी. सांगून झालं, दोघांना एकमेकांकडे बघायचं सुचेना, आणि साहेब एकदम उठून "संध्याकाळी येतो!" म्हणत जिना उतरले.

मावशीने नवा कागद रुळांत अडकवला. अंगठा चाकावर ठेवला. टक. एक ओळ.

भाच्याच्याने राहवेना. त्याने फळीवरच्या गाठींचं सांगून टाकलं. मावशीचा अंगठा क्षणभर थांबला, पुन्हा चालू लागला.

"अगं, ते वाचत नाहीत, तू वाचत नाहीस! बसून बोलता तर छान. मग हा अंगठ्याचा जाच कशाला? मी ऑफिसात चार दिवसांत सगळं टाइप करून आणतो, संपवून टाकू एकदाचं."

मावशीने मान वर केली नाही. दांडा दाबला, चाकावरचा 'टक' अंगठ्याला लागेपर्यंत थांबली.

"संपवायचंय कुणाला?"