जवाब नसलेला सवाल

“उत्तर गावलं की गाणं मरतं,” असं आमचा फकिरा शाहीर उठता-बसता म्हणायचा. आम्ही हसायचो. कारण भेदिकाच्या, म्हणजे गाण्यातून कोडी घालायच्या, फडात सवाल टाकणाऱ्याला उत्तर ठाऊक असावंच लागतं. समोरच्यानं हार मानली आणि आपल्यालाही सांगता आलं नाही, तर आपला डफ त्याच्या हवाली. डफ गेलेल्या शाहिराला पुन्हा कुणी जत्रेला बोलावत नाही.

पोलीस ॲक्शननंतर देवगाव रंगारीची जत्रा पुन्हा भरली, तेव्हाची ही गोष्ट. समोर कन्नडचे मुख्तार शाहीर. मी फकिराचा झीलकरी, मागं सूर धरणारा. दिवस कलला तसा फकिरानं डफ छातीशी घेतला आणि मीही कधी न ऐकलेला सवाल टाकला:

“रानात गेला भाऊ, आली ना निशाणी,
दारी दिवा लावू, का पिंडाला पाणी?”

झील धरायची सोडून मी त्याच्याकडं वळलो. रझाकारांच्या धामधुमीत त्याचा धाकटा भाऊ कडूबा डोंगरात गेला, तो परतला नव्हता. मेलेला कुणी पाहिला नव्हता. कडूबाची बायको सरूबाई तिथंच बायकांत बसलेली, कपाळाला कुंकू लावून.

मुख्तारभाई मान हलवत हसले. “हरलो, फकिरादादा! आता तुमीच फोडा.”

फकिराची नजर बायकांकडं गेली. लोक चुळबुळू लागले. कुणीतरी ओरडलं,

“ओ शाहीर, जवाब घरी खुंटीला टांगून आला का?”

मी फकिराच्या कानाशी लागलो. “दादा, पाणी म्हण न् मोकळा हो. डफ जाईल, बापाचा डफ!”

“पाणी म्हणलं तर उद्या सरूचं कुंकू पुसतील,” तो पुटपुटला. “अन् दिवा म्हणलं तर जल्मभर वाट बघत उंबऱ्यात बसवतील तिला. कोणत्या तोंडानं म्हणू?”

मग तो सगळ्या फडाला ऐकू जाईल असं म्हणाला, “मला ठाऊक नाय. ठाऊक असतं तर इचारलं कशाला असतं?”

मुख्तारभाईंचं हसू मावळलं. “दादा, कायबी सांगा. मी मान्य करतो.”

“लई मोठं मन तुमचं. पन रीत ती रीत.” त्यानं डफ त्यांच्या हातात ठेवला.

फकिरा रिकाम्या हातांनी नदीच्या वाटेला लागला. लोक माना खाली घालून बसले. त्याच्यामागं जावं की नको, मला कळेना. मुख्तारभाई दोन्ही डफ धरून उभे होते. सरूबाई तेवढी उठली, आणि तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.