नाक्यावरचा ओरखडा

तेर गावच्या रामलिंगाकडं चावीचा फोनो होता, लग्नाकार्यात तो वाजवायचा. शेतीही होती, पण शेतकरी म्हटलं तर त्याला ऐकू यायचं नाही. फोनोवाला म्हटलं की लगेच ओ द्यायचा.

निजामाच्या अमलात त्यानं तो सोलापुरातून आणला, तेव्हा सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकातीचे शिपाई म्हणाले, "बजाके दिखाव." घाबरून रामलिंगानं घाईनं सुई टेकवली, ती घसरली आणि पाठवणीच्या गाण्याच्या तबकडीवर ओरखडा उठला. पुढं निजाम गेला, नाका गेला, ओरखडा तेवढा राहिला.

गाण्यात 'वळून बघ गं लेकी' अशी ओळ होती. नेमकी तिथंच सुई अडकायची. 'वळून बघ, वळून बघ' असा धोशा लागला की रामलिंग बोटानं सुई पुढं ढकलायचा. तीनदा झाल्याशिवाय मात्र ढकलायचा नाही. त्यामुळं गावात रीतच पडली. गाडीत बसण्याआधी नवरीनं तीनदा वळून घराकडं बघायचं, आणि बायकांनीही ती ओळ तीनदा म्हणायची. मूळ गाणं असंच आहे, अशी साऱ्या गावाची खात्री होती. नवरीचा बाप ढसाढसा रडत असला तरी रामलिंगाचं बोट चुकायचं नाही.

आता पोरांना सिनेमाची नवी गाणी लागत. तोंड वाकडं करून तो ती वाजवायचा. पाठवणीला मात्र बायका म्हणत, "जुनंच लावा." सुयांच्या रिकाम्या डब्याही त्या मागून नेत. झाकणावर मोर होता, नवरीच्या कुंकवाला तीच डबी हवी असायची. पुढं सुया कागदाच्या पुडीत यायला लागल्या, तसा त्या डबीचा मान आणखी वाढला. शेवटची डबी रामलिंगानं आपल्या लेकीसाठी, चन्नम्मासाठी, झाकून ठेवली होती.

आणि तिचंच लग्न तोंडावर आलं तेव्हा घात झाला. माकणी गावचं लग्न वाजवून येताना तबकडी गाडीत उन्हात राहिली आणि पापडासारखी वाकडी झाली. रामलिंगाला जेवण जाईना.

"अवो, दुसरं कायतरी लावा की," बायको कस्तुराबाई म्हणाली.

"दुसऱ्यांच्या लेकी ह्या गाण्यावर धाडल्या, अन् माझी मुकीच धाडू व्हय?"

तो सोलापूरला गेला. दुकानदार हसले, "जुनं कोण घेतंय आता?" शेवटी जुन्या बाजारात, फुटक्या आरशाखाली, तीच तबकडी सापडली. ओरखडा नावाला नव्हता. रामलिंगानं ती छातीशी धरून घरी आणली.

पाठवणीला गाणं सुरू झालं. लख्ख आवाज. 'वळून बघ गं लेकी' आलं, चन्नम्मानं वळून बघितलं. दारात कस्तुराबाई तोंडाला पदर लावून उभी होती. चन्नम्मा पुढच्या 'वळून बघ'ची वाट बघत थांबली, पण गाणं आपलं पुढं निघून गेलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "ही तबकडी बिघडल्याली हाय जणू!"

रामलिंगानं झटकन सुई उचलली आणि मागं ठेवली. 'वळून बघ गं लेकी.' चन्नम्मा वळली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. तीनदा झालं, बायकांचा जीव भांड्यात पडला. चन्नम्मा गाडीत चढणार, तोच सुई पुन्हा मागं आली. मग पुन्हा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी न चुकणारं बोट आज ऐकत नव्हतं. बैल खूर आपटायला लागले. कुणी हसलं नाही.

चन्नम्मा गाडीजवळून परत आली. हातात मोराची डबी होती, डोळे भरलेले. तिनं बापाच्या हातावर हात ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली, "म्या बघितलं. लई डोळं भरून बघितलं. आता गाण्यातल्या लेकीला जाऊ द्या पुढं."

रामलिंगानं हात मागं घेतला. गाणं पुढं निघालं. त्या ओळीनंतरचं कडवं तो आज पहिल्यांदाच रडत ऐकत होता.