पोरीला हात न लावण्याची शपथ

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी 'ओसीडी' असा शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद पुढे ओढला. ओसीडी म्हणजे सारखे हात धुणारी माणसं, एवढंच मला ठाऊक. मी तर नुकतंच त्यांना सांगितलं होतं की माझ्या डोक्यात स्वतःच्या तान्ह्या पोरीला मारून टाकण्याचे विचार येतात.

सांगताना मान वर केली नव्हती. टेबलावरच्या काचेकडे बघत बोललो. आता या बेल वाजवणार, बाहेरच्या माणसाला बोलावणार, मग पोलीस, मग गावभर बोभाटा. एवढी सगळी तयारी मी मनात करून ठेवली होती.

त्यांनी विचारलं, "आणि असा विचार आला की तुम्ही काय करता?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणालो, "पळतो."

त्यांनी बरंच काही विचारलं. कानात आवाज येतात का, तसं करावंसं वाटतं का, कधी कुणावर हात उचललाय का, दारू पिता का. सगळ्याला नाही म्हणालो. एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, थायरॉइड आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा त्यांनी नीट समजावलं. 'इंट्रुझिव्ह थॉट्स' म्हणजे न बोलावता घुसणारे विचार. असले अभद्र विचार पुष्कळांच्या डोक्यात येतात आणि जातात. ज्याला त्या विचाराची किळस येते, भीती वाटते, तो त्याला धरून बसतो, आणि तो जावा म्हणून काहीतरी करत राहतो. त्या करण्याला 'कम्पल्शन' म्हणतात. दोन्ही मिळून ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. म्हणाल्या, "हा आजार आहे, आणि याला उपचार आहेत."

बाहेर बाकावर येऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लय दुकतंय का?" मी म्हणालो, "व्हय, दाढ."

बघा, तिथंही खोटंच बोललो.

मी विट्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. माझं दुकान तमिळनाडूत. बारावी झाली तसा मामांनी नेला आणि भट्टीपुढे बसवला. ॲसिडच्या वाफा, लालभडक मूस चिमट्यात धरून वितळलेलं सोनं ओतायचं. इतकी वर्षं झाली, हात कधी थरथरला नाही. हात थरथरला तो साडेतीन किलोची पोरगी घेताना.

बारशाला आलो होतो. सासुरवाडी आष्ट्याची. माडीच्या कठड्यापाशी उभा राहून पोरीला खालची माणसं दाखवत होतो. आणि डोक्यात कुणीतरी बोलल्यासारखं झालं, 'टाकली तर?' अंगाला दरदरून घाम फुटला. पोरगी मेहुणीच्या हातात कोंबली आणि पोटात कळ आली म्हणून खाली पळालो. घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं, मी संडासात बसून होतो.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. विळी दिसली की विचार. पाण्याचा हौद दिसला की विचार. दुपट्याची गाठ दिसली तरी विचार. मी रजा अर्धी टाकून दुकानावर परतलो आणि बायको पोरीला घेऊन आमच्या घरी आली तसा तिथून आईला सारखा फोन, "पोरगी बरी हाय नव्हं?" आई म्हणायची, काय जीव लावलाय बापानं! मला मात्र खात्री करून घ्यायची असायची की मी इतक्या लांबून काही केलेलं नाही. वेडेपणाच की. पण त्या वेळी तो वेडेपणा वाटत नव्हता.

आणि मग मी ती शपथ घेतली. आमचा देव खंडोबा. आमच्यात भंडारा उचलून घेतलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द. भाऊबंदकीतली भांडणं तिच्यावर मिटतात. घरी न कळवता मी दुकानावरून एकटा खंडोबाच्या पालीला गेलो, देवापुढे मुठीत भंडारा घेतला आणि म्हणालो, "हे विचार जाईपर्यंत पोरीला हात लावणार न्हाई. लावला तर तिचं बरं-वाईट तू बघ." आपल्याच लेकराला जामीन ठेवून आलो! आणि वाटलं, सुटलो.

विचार कसले जातात? उलट आता शपथेचीही भीती. दिवाळीला घरी आलो तर बाहेरच्या खोलीत झोपायचो. पोरगी रांगत उंबऱ्याशी आली की मी पायात चपला घालून चावडीकडे. बायको, रेश्मा, पहिल्यांदा चिडली, मग गप्प झाली. गाव बोलायला लागलं, पहिली पोरगी झाली म्हणून गडी नाराज आहे. मेहुणा आष्ट्याहून आला आणि तोंडावर म्हणाला, "दाजी, पोरगी झाली म्हणून असं वागायचं व्हय? तुमाला जड झाली असंल तर आमी सांभाळतो दोगींना."

मी नाही म्हणालो नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. विचारांची नाही, ते आजाराचे होते. पण पोरगी नको असलेला बाप म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. असे बाप आमच्याकडं खपतात. चार माणसं नावं ठेवतात आणि चहाला बोलावतात. रेश्मा पोरीला घेऊन माहेरी गेली. आणि खोटं कशाला बोलू, एस्टी हलली तेव्हा मला हायसं वाटलं. त्यानंतर जेवण तुटलं, झोप तुटली, दुकान भावाकडे सोपवून मी घरी येऊन पडलो. विट्याच्या आमच्या डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागायला गेलो तर त्यांनी चिठ्ठी देऊन सांगलीला पाठवलं.

सांगलीच्या बाईंनी एसएसआरआय गटातली गोळी सुरू केली. सांगितलं की गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच आपल्या मनानं बंद करायची नाही. पण नुसत्या गोळीवर भागणार नव्हतं. 'ईआरपी' नावाची थेरपी असते, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर जायचं, आणि भीती घालवायला नेहमी जे करतो ते करायचं नाही. ती शिकलेली माणसं थोडी. साताऱ्यात एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे दर आठवड्याला जायला लागलो.

तिथल्या वेटिंग रूममध्ये मी रुमाल तोंडाला लावून बसायचो, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. एकदा खरंच आमच्या शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी मला बघून पेपर तोंडापुढे धरला. मग दोघांनाही हसू आलं.

पहिलं काम मॅडमनी दिलं ते विचार मोठ्यानं बोलण्याचं. फोनवर रेकॉर्ड करायचा आणि ऐकत बसायचं. देवाचं नाव घ्यायचं नाही, उठून जायचं नाही. पहिल्या वेळी मला तिथं ओकारी आली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भीती वर चढते तशी खालीही उतरते. तुम्ही तिला उतरू देत नव्हता." ऐकून ऐकून काही आठवड्यांनी तेच वाक्य ऐकताना मला जांभई आली. जांभई आल्याची लाज वाटली तर मॅडम म्हणाल्या, जांभईच हवी होती.

मग गाडं शपथेपाशी अडलं.

मॅडम देवाविषयी काही वावगं बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ही शपथ भक्तीनं घेतली की भीतीनं?" मी मग म्हणालो, "भीतीनं." त्या म्हणाल्या, "मग हेही तुमचं कम्पल्शनच. मोडायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण मोडलीत तर भरपाई करायची नाही. नारळ नाही, माफी नाही, नवी शपथ नाही."

त्याआधी रेश्माला सांगणं भाग होतं. मॅडमनी तिला साताऱ्यालाच बोलावलं. मी सगळं सांगितलं, कठड्यापासून भंडाऱ्यापर्यंत. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ही उठून जाणार.

"म्हंजे पोरगी झाली म्हणून नव्हं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"आवं, मग तसं समजू का दिलंत मला? मी रोज देवाला म्हणत हुते, पुढच्या खेपेला पोरगा दे, म्हंजे ह्यो माणूस घरात येईल!"

ती भडाभडा रडली आणि मी मान खाली घालून बसलो. तिला विचारांची भीती वाटली नसेल असं नाही. पोरीला धोका नाही ना, असं मॅडमना तिनं दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं. पण आष्ट्याहून पोरीला आणि बोचकं घेऊन ती परत आली.

आईला सांगितलं तर ती हादरली. "देवाशी खेळ करता व्हय रं? आदी पालीला जाऊन सोडवून घे. तळी भरू, जागरण घालू." मी म्हणालो, तसं करायचं नाही असं ठरलंय. आई म्हणाली, "मग मी माज्या नावानं जाईन. त्यो माजाबी देव हाय, तुमच्या म्याडमचा न्हाई!" मॅडमना सांगितलं तर त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, आईंना जायचं तर जाऊ द्या. त्या गेल्या की नाही, हे तुम्ही विचारायचं नाही. मी आजतागायत विचारलेलं नाही.

घरच्यांना एक नियम होता, मला धीर द्यायचा नाही, कारण सारखी खात्री मागणं हेही कम्पल्शनच. मी रेश्माला विचारायचो, "मी काय करणार न्हाई नव्हं?" आणि तिनं म्हणायचं, "काय सांगावं!" पहिल्यांदा हे म्हणताना तिचा आवाज कापला होता. नंतर नंतर ती भाकरी थापता थापता म्हणायची, आणि मला राग येऊन हसू यायचं.

शपथ मोडायचा दिवस ठरवला. सकाळी अंघोळ करून पोरीपुढे बसलो, हात पसरले. पोरगी आता चालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, भोकाड पसरलं आणि आईच्या पायाला मिठी मारली. ती मला ओळखतच नव्हती. तिच्या लेखी मी दारात चपला घालणारा एक माणूस होतो.

देवाची शपथ मोडायला निघालेला गडी, आणि पोरगीच हात लावून घेईना! तेव्हा जी लाज वाटली तिला मोजमाप नाही. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "ती येईल तेव्हा येईल. तुम्ही खोलीतून उठायचं नाही."

मग मी स्वयंपाकघरात विळीवर कांदा चिरत बसायला लागलो, पोरगी समोर. विचार येत, घाम येई, मी कांदा चिरत राही. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "गलाईवाले भाजीला बसलं वाटतं!" गावाला नवा विषय मिळाला. मिळू दे म्हटलं.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखा कुणी बाप असेल, किंवा आई असेल, तर त्यांना एवढंच सांगतो. जे तोंडावर आणवत नाही ते डॉक्टरला सांगा. जशाचं तसं सांगा, दाढ दुखते म्हणू नका. विचार माझे पूर्ण गेलेले नाहीत. गोळी चालू आहे, साताऱ्याला आता कधीतरीच जातो. डॉक्टरीणबाईंचे आणि मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि माझ्या बायकोचे तर मोजायलाच नकोत.

एका सकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो. विळी रेश्मानं रोजच्यासारखी मिटून बाजूला ठेवली होती, लपवली नव्हती. पोरगी हातातला कणकेचा गोळा घेऊन आली, तो माझ्या गुडघ्याला चिकटवला, आणि मागे सरत सरत सरळ माझ्या मांडीवर बसली. विचार आलाच. मी हात तिच्या पोटाभोवती धरला.

रेश्मानं ते बघितलं. ओल्या कपड्यांची बादली उचलली आणि म्हणाली, "धुणं वाळत घालून येते गच्चीवर."

आई रानात होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "लगीच ये."

"धुणं लय हाय," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.