देवीच्या लुगड्याचा मान

कुडाळ स्टेशनवर गाडी यायला दहा मिनिटं होती आणि आई माझ्या बॅगेतली कोकमाच्या सोलांची पुडी तिसऱ्यांदा नीट लावत होती. मस्कतच्या एका इस्पितळात, लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. बाबा थोडे लांब उभे राहून उगाच रुळांकडे बघत होते. गाडी दिसली तशी आईने माझा हात धरला. म्हणाली, "थंय शाणी रव गो. कोणाच्या डोळ्यार येव नको." बाकीच्या मुलींना आया आशीर्वाद देतात, मला लपून राहायचा सल्ला मिळाला. मी खिडकीतून हात हलवला खरा, पण मनात राग होता आणि तो बारा वर्षं जुना होता.

त्या रागाचं मूळ एका लुगड्यात आहे. आमच्या गावच्या जत्रेला दशावतारी नाटक होतं. त्यात बायकांची कामं पुरुषच करतात, त्यांना स्त्रीपार्टी म्हणतात. आता काही ठिकाणी बायकाही उभ्या राहतात असं ऐकते, आमच्याकडे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गावात प्रत्येक घराला कसला ना कसला मान असतो, तसा आमच्या घराला देवीच्या लुगड्याचा. जत्रेच्या दुपारी आई ते हिरवं नऊवारी उलगडून पुन्हा घडी घालायची, बाबा ते ताटातून देवळात नेऊन द्यायचे आणि मिशी काढलेला कुणी बाप्या ते नेसून राक्षसाला लोळवायचा. आम्ही बायका एका बाजूला बसून त्याला हात जोडायचो. दुसऱ्या दिवशी लुगडं परत यायचं ते घामाने आणि तोंडाच्या रंगाने माखून. मान घराचा असला तरी डाग काढायचे आईनेच.

बारा वर्षांची असताना ते न धुतलेलं लुगडं मी पळवलं, कसंबसं अंगाला गुंडाळलं आणि झावळीचा दांडा तलवारीसारखा फिरवत अंगणात देवी झाले. समोरच्या रस्त्याने जाणारे दोघे थांबून हसले. आई धावत आली आणि सगळ्यांदेखत तिने माझ्या थोबाडीत दिली. "बायलमाणसांनी देवी होवची रीत नाय!" एवढंच म्हणाली. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि खरं सांगायचं तर तिला माफही केलं नाही.

मस्कतच्या पहिल्या वर्षी रूममेट मला एका सिनेमाला घेऊन गेल्या. एक बाई एकटीच सगळं शहर वाचवते, असला. गोष्ट म्हणाल तर डोकं घरी ठेवून बघायची. बाई ट्रक उचलते आणि तिचा एक केस विस्कटत नाही! तरी मला रडू फुटलं. मारामारीत नाही, त्याच्या आधीच. ती नुसती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि सगळं शहर तिच्याकडे बघत राहिलं, तेव्हा. ती सगळ्यांच्या डोळ्यांवर आली होती आणि तिला कुणी ओढून घरात नेलं नाही. त्यानंतर तसला एकही सिनेमा मी सोडला नाही. पुढे लॅबमध्ये साहेबांनी माझ्या रिपोर्टवर शंका घेतली तेव्हा भर मीटिंगमध्ये मी म्हणाले, "पुन्हा टेस्ट करा, आकडा हाच येईल." ते बळ कुठून आलं हे सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. माझ्यासारख्या परमुलखात एकट्या राहणाऱ्या बायका हसणार नाहीत.

गेल्या वर्षी आई व्हिजिट व्हिसावर आली आणि मी तिला मॉलमध्ये तसल्याच एका सिनेमाला नेलं. भाषा इंग्रजी, खाली अक्षरं अरबी, आईला दोन्ही सारखीच. पण एसीत शाल गुंडाळून बसलेल्या आईचं काही अडलं नाही. राक्षस कोण, देवी कोण, युद्ध कधी लागणार, सगळं तिला आधीच कळत होतं. नायिका आली तेव्हा तिने चक्क हात जोडले.

बाहेर येऊन कॉफी घेताना ती खूश होऊन म्हणाली, "स्त्रीपार्टी मातर झकास हां! बोटां बघलंस त्येची? अगदी बायलमाणसाची."

मला आधी हसू आलं, मग येईना. मी म्हटलं, "आई, ती बाईच आसा."

"लढाईत पण?"

"लढाईत पण."

आईने कपातला फेस चमच्याने बाजूला सारला. मग हळूच विचारलं, "मगे तिका कोण काय बोलूक नाय?"

मी नाही अशी मान हलवली. आम्ही घरी आलो. गाडी पार्क केली तरी ती उतरेना. मग समोर बघत बोलली, "त्या लुगड्याचा सांगतंय. दर वर्षी परत इला काय धुवच्या आधी मी एकदा नेसतंय. माजघराक कडी घालून. तू आंगणात नेसलंस, उघड्यार. लोक हसले. माका भय वाटला गो, म्हणान मारलंय."

इतकी वर्षं मी जिच्यावर रुसून होते ती माझ्याआधीच देवी होऊन बसली होती, तेही दर वर्षी. पार्किंगमध्ये मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या पडद्यावरच्या बाईचे, जिला आमचं गाव ठाऊकही नाही, मी मनापासून आभार मानले. तिच्यामुळे माझी आई मला सापडली.

घर कुठलं असं कुणी विचारलं की गावाचं नाव सांगताना मी जरा अडखळायचे, कारण त्या नावापाठोपाठ ती चपराक आठवायची. आता तेच नाव घेतलं की कडी घातलेलं माजघर डोळ्यांसमोर येतं, आणि त्यात हिरव्या लुगड्यातली माझी आई.

यंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "लुगडा परत इला. नेसलंय."

"माजघरात?"

"नाय. ओटयेर. दार उघडा होता."

"बाबांनी बघल्यानी?" मी घाबरून विचारलं.

"बघल्यानी तर. काय एक बोलूक नाय. आत गेले आणि चाय ठेवल्यानी."